आपल्या रक्तातली खोट

कौल डावा पडला, असं माझ्या भावाने मला फोनवर सांगितलं आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मी! रत्नागिरीत तीसेक वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलेली बाई. एखादा विद्यार्थी मला म्हणाला असता, "बाई, देव नको म्हणाला म्हणून प्रॅक्टिकलला आलो नाही," तर त्याचा कान धरून बाहेर उभा केला असता. पण ज्याच्या हाडांतल्या मज्जेवर माझा जीव टांगलेला होता त्यानेच देवाचं नाव काढलं, आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवून दिला.

आधी काय झालं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच डोक्यात राख घालून बसल्यात.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. जिना चढताना धाप लागायला लागली, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर कुठे काही लागलं नसताना निळे डाग उठायला लागले. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन सरळ मुंबईला धाडलं. तिथे कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. मज्जेत पेशी तयार होत होत्या पण पिकत नव्हत्या, अर्ध्या कच्च्याच राहत होत्या, आणि हे असंच वाढलं तर त्याचा रक्ताचा कर्करोग होणार होता. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर जनुकाचं नाव होतं, टेट-टू. त्यात बिघाड.

टेट म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? शिक्षक पात्रता परीक्षा! भावाला फोन केला तर तोही तेच म्हणाला, "अक्का, आता रिटायर झाल्यावर टेट कशाला गो? आणि त्यात नापास झालीस?" आम्ही दोघंही खूप हसलो. मग मी रडायला लागले आणि रडता रडता म्हटलं, "काय सांगू तुला, आपल्या रक्तातच खोट निघाली रे." त्याने घाईघाईने फोन ठेवला. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल.

पुढच्या रविवारी तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला टेटची गोष्ट नीट समजावून दिली. शिकवल्याशिवाय मला चैन कुठे पडते? म्हटलं, प्रत्येक पेशीत तेच एक जाडजूड पुस्तक असतं. कुठली पानं उघडायची नाहीत, त्यांच्यावर पेशी मिथाइलची बारीक खूण करून ठेवते. खुणा करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, वेगळी आणि पुसणारी वेगळी. टेट हे पुसणारं. लहान पेशीला मोठं व्हायचं तर काही पानांवरच्या खुणा पुसल्या जायला लागतात. माझं पुसणारं बिघडलंय, म्हणून पानं मिटलेलीच राहतात आणि पेशी कच्चीच वाढत बसते.

माझा भाऊ आंब्यावाला. आरे-वारेच्या पुढे, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर आत आमचं गाव, आणि कातळावर त्याची कलमं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हंजे फवारणी झाली की आम्ही खोडाला चुन्याचा पट्टा मारतो, तसं. पट्टा पुसलाच नाय, तर पुढच्या खेपेला गडी त्या झाडाला हातच लावणार नाय. झालंय म्हणेल आणि पुढे जाईल." मी खूश झाले. बारावीच्या पुस्तकातही इतकं सोपं करून लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर ही खूण एकदा बसली की बसली, ती कुणी पुसत नाही, असंच मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात छातीठोकपणे शिकवलं होतं. पुसणारं विकर असतं हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळलं. इतक्या पोरांना चुकीचं शिकवलं, पण त्यांच्यातला एकही तक्रार करायला आला नाही.

डॉक्टरांनी दर महिन्याला सात दिवस पोटावर टोचायचं इंजेक्शन सुरू केलं. ते जुन्या खुणा पुसत नाही, नव्या बसू देत नाही. तेवढ्याने दिवस निघतील म्हणाले, पण बरं व्हायचं तर दुसऱ्या कुणाची तरी मज्जा हवी, आणि ती सख्ख्या भावंडाची जुळली तर उत्तम. मला भावंडं म्हणजे हा एकच. जुळण्याची शक्यता चारात एक. त्याचं रक्त तपासलं आणि सगळंच्या सगळं जुळलं. फोनवर तो ढसाढसा रडला. "अक्का, माझं ते तुझंच गो. कधी यायचं ते सांग." मी त्या दिवशी शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. जानेवारीत यायचं ठरलं. उशीर करू नका, कच्च्या पेशी वाढायच्या आत उरकू, असं डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं.

जानेवारी आला. आधी म्हणाला, मोहोर फुटलाय, तुडतुडा पडलाय, एवढी फवारणी आटपतो. मग म्हणाला, पोरीचं स्थळ आलंय. त्याला एकच मुलगी, माझी भाची, माझ्याकडे राहूनच शिकलेली. स्थळ दापोलीकडचं, बुरोंडीच्या अलीकडचं, मुलगा बोटीवर. मी म्हटलं, सोन्यासारखं झालं. मग एक दिवस फोन आला, "अक्का, एवढी मोठी गोष्ट, देवाला विचारल्याशिवाय कशी करायची? कौल लावलाय." आणि संध्याकाळी परत फोन, "डावा पडला गो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गावदेवाला प्रश्न विचारतात. गुरव मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. घर बांधायचं, विहीर खणायची, शेत विकायचं, सगळं विचारून. आमच्या गावात कौल मोडून कुणी काही केल्याचं मला आठवत नाही. माझा भाऊ तर देवाच्या बाबतीत भलताच कडक. तो कौलाबद्दल खोटं बोलणार नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती.

आणि तो खोटं बोललाही नव्हता, हेच तर आहे!

मज्जेच्या ऐवजी त्याने मला आवळे पाठवले. पुसणाऱ्या विकराला काम करायला लोह लागतं आणि सी जीवनसत्त्व लागतं, असं मीच कधीतरी बोलता बोलता त्याला सांगितलं होतं. प्रयोगशाळेत तसं दिसलंय, माणसाच्या आजारावर त्याचा किती उपयोग ते अजून ठरायचंय, हेही सांगितलं होतं, पण ते तो सोयीस्कर विसरला. गावातून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर एक बरणी. आवळ्याचा रस, मोरावळा, आवळकाठी. त्या वर्षी आवळ्याच्या वासानेसुद्धा मला मळमळायचं. एकीकडे पोटावर इंजेक्शनांचे काळे-निळे चट्टे आणि दुसरीकडे ओट्यावर मोरावळ्याची रांग. ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

एप्रिलमध्ये दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवसांत मला जरा बरं वाटत होतं. मी उठले, रिक्षा केली आणि गावाला गेले. भावाकडे नाही, थेट देवळात. देवाला खडसावून विचारायचं ठरवलं होतं की बाबा रे, तुझ्या पायाशी वाढलेली मी, माझ्यावर एवढा राग का? हसू नका. मरणाच्या दारात भल्याभल्यांची बुद्धी गहाण पडते.

देवळात गुरव होता. तो माझाच जुना विद्यार्थी, बारावीला जीवशास्त्रात काठावर पास झालेला. मला बघून धावत आला, पायरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, "अरे, माझ्या नावाचा डावा कौल दिलास ना तू? बघू तरी तुझा देव."

तो गोंधळला. "तुमच्या नावाचा? बाई, तसा कौल लागलाच नाय."

"म्हणजे?"

"लागला तो पोरीच्या लग्नाचा." गाऱ्हाणं त्यानेच घातलेलं, त्यामुळे त्याला शब्दन्‌शब्द पाठ होता. त्याने ते तसंच म्हणून दाखवलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या घरात लेकीचं शुभकार्य ठरतंय. घरच्या बहिणीच्या दुखण्याची वाच्यता सोयऱ्यांपाशी करावी असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे." आणि खाली बघत म्हणाला, "डावी दिलीन देवाने."

कौल खरा होता. डावाच पडला होता. माझ्या भावाने उत्तर जसंच्या तसं मला आणून दिलं होतं, फक्त प्रश्न बदलला होता. देवाशी खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. बहिणीशी होती.

तिथून उठून त्याच्या घरी गेले. खळ्यात आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं. तो गवत पसरून फळं लावत बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "कौल कशाचा लावलास?"

त्याने वर पाहिलं नाही. हातातला आंबा नीट देठ बघून पेटीत ठेवला, मग दुसरा ठेवला. "देवाशी खोटं नाय बोललो मी."

"देवाशी नाही, माझ्याशी बोललास मेल्या! मी मरत्ये रे इथे!"

भावजय सरबताचा पेला घेऊन आली होती, ती दारातच थबकली. आणि मग हा उसळून म्हणाला, "तूच म्हणालीस ना गो फोनवर? आपल्या रक्तातच खोट निघाली म्हणून? आपल्या म्हंजे माझ्या पण. म्हंजे माझ्या पोरीच्या पण. आता मी तिकडे हॉस्पिटलात जाऊन पडलो, सोयऱ्यांनी विचारलं कशाला गेलात, तर काय सांगू? घराण्याच्या रक्तात खोट आहे म्हणून? पोर घरात बसेल माझी!"

आपल्या! अहो, आपण नाही का म्हणत, आपल्याला नाही बाई तिखट चालत, आपलं डोकं दुखतंय? मी आपल्या म्हणजे माझ्या म्हटलं होतं. त्याने आपल्या म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ऐकलं. आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांत 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' ह्या दोन शब्दांत गल्लत केली म्हणून लाल रेघा मारल्या. आणि जिथे माझा जीव अडकला होता तिथे मीच असं मोघम बोलून गेले.

मी खाली बसले आणि त्याला सांगितलं. शांतपणे सांगितलं, कसं जमलं देव जाणे. म्हटलं, बाळा, हा बिघाड आईबापाकडून आलेला नाही. वय वाढतं तसा मज्जेतल्या एखाद्या पेशीत आपोआप होतो. किती म्हाताऱ्या माणसांच्या रक्तात असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. काहींचं त्यातून हृदय बिघडतं, माझ्यासारखीचं रक्त बिघडतं. जनुकात आहे म्हणून तो घराण्यात आहे असं नाही. तुझ्यात तो नाही, पोरीत तर नाहीच नाही.

त्याला पटलं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "हे आधी का नाय सांगितलंस?"

"तू विचारलंस? अरे, जीवशास्त्राची बाई तुझी सख्खी बहीण, आणि तू दगडाला विचारत बसलास!"

मला वाटलं, झालं, मिटलं. आता म्हणेल, उद्या निघू. तो म्हणाला, "मला समजलं गो. पण सोयऱ्यांना कोण समजावणार? मेअखेर लग्न आहे, आंबा आवरला की. तेवढं होऊ दे. मग हवं तेवढं घे माझ्यातलं." आणि भावजय पेला माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "आणि वन्सं, लग्नाची दगदग तुम्हाला नाही झेपणार. तुमचा चेहरा असा झालाय, चार लोक विचारतील."

पहिल्यांदा त्याची चूक झाली होती. तिच्यात माझाही हात होता, आणि तेवढी मी त्याला केव्हाच माफ केली असती. दुसऱ्यांदा मात्र त्याला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलेलं माहीत होतं, पोरीला धोका नाही हेही माहीत होतं, आणि तरी त्याने तराजूच्या एका पारड्यात लोकांची तोंडं ठेवली, दुसऱ्यात मला ठेवलं, आणि मी हलकी भरले. मी सरबत न पिता उठले. रिक्षात बसल्यावर एवढी रडले की रिक्षावाल्याने वाटेत दोनदा थांबून विचारलं, बाई, दवाखान्यात घेऊ का?

सोयऱ्यांचा नंबर मिळवणं मला कठीण नव्हतं. दोनदा मनात आलं. पण पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिच्या हळदीत मी राख कशी कालवू? मी गप्प बसले. लग्नाच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. "आत्या, तुला नेमकी उद्याचीच मुंबईची तारीख कशी गं मिळाली? बाबा म्हणाले बदलता येत नाही." मी म्हटलं, "हो गं, नाही बदलता येत." आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी घरात एकटीच, हातात अक्षता घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

जूनमध्ये मुंबईला गेले तेव्हा कच्च्या पेशी फार वाढल्या होत्या. डॉक्टर चष्मा काढून एवढंच म्हणाले की जानेवारीत आला असतात तर हे सगळं सोपं होतं. आता आधी जबरदस्त केमो, मग मज्जा. त्या केमोत माझ्या फुप्फुसात बुरशीचा संसर्ग झाला. महिनाभर पडून होते. त्या औषधांनी डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं, ते गेलंच. जगते की मरते, असे काही दिवस होते म्हणे. मला त्यातले फारसे आठवत नाहीत.

जुलैअखेर भाऊ आला. बोलल्याप्रमाणे आला, ते नाकारून चालणार नाही. मज्जेतल्या पेशी रक्तात उतराव्यात म्हणून पाच दिवस दंडात इंजेक्शनं घेतली आणि मग एका सकाळी दोन्ही हातांना नळ्या लावून चार तास मशीनपाशी पडून राहिला. कण्यातून काढतात, माणूस लुळा होतो, असं काय काय त्याला गावात कुणी सांगितलेलं. संपल्यावर नर्सने नळ्या काढल्या, चहा-बिस्किटं दिली. मग तो माझ्या खोलीच्या काचेपाशी आला आणि फोनवरून म्हणाला, "अक्का, एवढंच होतं?"

"हो. एवढंच."

तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला. रडत होता. मला रडू आलं नाही. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाला, "हे आपण घरातच ठेवू हां. उद्या पोरीला दिवस गेले की सासरचे नाय ते विचारत बसतील." मी मान हलवली.

त्याला वर्ष उलटून गेलं. त्याच्या पेशी माझ्यात रुजल्या. माझा रक्तगट बदलून त्याचा झाला, आणि माझं रक्त तपासलं तर त्यात आता पुरुषाची गुणसूत्रं येतात. गावात सगळे म्हणतात, देवाने आणि आवळ्यांनी बाईंना वाचवलं. भावानेच तसं सांगितलंय, देवळात नारळाचं तोरणही बांधलंय. मी ऐकून घेते. तो आला की चहा करते, खायला देते. माफ मात्र केलेलं नाही, आणि ते त्याला माहीत आहे.

गेल्या महिन्यात भाची चार दिवस राहायला आली. सातवा महिना आहे तिला. जेवण झाल्यावर तिने माझी हॉस्पिटलची फाइल पुढे ठेवली आणि सरळ विचारलं, "आत्या, मज्जा कुणाची?" मी दिलेला शब्द मोडला. कौलापासून काचेपर्यंत सगळं सांगितलं. तिच्या बापाला एकही शिवी कमी दिली नाही. मला वाटलं होतं, ती रडेल, बापावर संतापेल. माझ्या बाजूने कुणीतरी एकदा संतापावं, याची मी किती वाट बघत होते!

ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी लग्न पुढे ढकललं असतं. नवऱ्यालाही सांगितलं असतं, आणि तो थांबला नसता तर गेला उडत."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबांनी मला नाही विचारलं, ते मी समजू शकते. तुझ्या घरात राहून मी शिकले, आत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन केला होता. तू का नाही विचारलंस?"

ती उठली आणि आत जाऊन कपड्यांची घडी करायला लागली.